शेवटच्या थरातला रांजण

३ फेब्रुवारी

रांजण आला. म्हणजे खापऱ्या आल्या, चार खोकी भरून. इतकी वर्षं या वस्तुसंग्रहालयात फुटकी भांडी जोडतोय, पण एवढा दांडगा गडी माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. मे महिन्यात मी निवृत्त होतोय, त्याआधीचं हे शेवटचं मोठं काम. म्हणून म्हटलं, लिहून ठेवावं. सवय नाही, तेव्हा ज्या दिवशी काही घडणार नाही त्या दिवशी लिहिणार नाही. उगाच पानं भरायला मी काही पुढारी नाही.

मार्चअखेर नवं दालन उघडायचंय. नदीकाठचं एक प्राचीन नगर, चारेक हजार वर्षांपूर्वी वसलं, भरभराटलं आणि बसलं. त्याची तीन मोठी काचेची कपाटं: उदय, वैभव, अस्त. रांजण वैभवात, मधोमध. दालनाच्या प्रमुख बाईसाहेब म्हणाल्या, "माणूस दारातून आत आला की पहिली नजर रांजणावर पडली पाहिजे."

मी म्हटलं, "पडेल. तुम्ही तेवढे दिवे बरे बसवा."

इथले दिवे हल्ली फारच मरतुकडे झालेत. तीन वेळा तक्रार केली. वायरमन येतो, वर बघतो, माझ्याकडे बघतो आणि "ठीक आहेत की" म्हणून निघून जातो.

आमच्या खोलीत दुसरं माणूस म्हणजे भिंग. दोन वर्षांपूर्वी शिकून आलेली मुलगी. गळ्यात सदानकदा भिंग, म्हणून मी हे नाव ठेवलं. तिला ते माहीत आहे, आणि तिला त्याचं काही वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे. मला पहिल्या दिवसापासून काका म्हणते. मी दोनदा "सर" सुचवून पाहिलं. "बरं काका," म्हणाली.

७ फेब्रुवारी

खापऱ्या धुऊन, वाळवून लांब टेबलावर मांडल्या. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे, कुठल्या थरात सापडली त्याचे. ते लिहिणाऱ्याची शाई इतकी फिकी की भिंगला मोठ्यानं वाचायला लावलं. तिनं वाचलं, तर मी पुन्हा वाचायला लावलं. हा रांजण सापडलाय सगळ्यात वरच्या थरात. म्हणजे नगराच्या शेवटच्या दिवसांत, अस्ताच्या काळात. आणि घडण तर चक्क वैभवाच्या काळातली. एकसारखी जाडी, खणखणीत भाजलेला, खांद्यावर काळ्या रंगाची वेल. शेवटच्या थरातल्या लोकांच्या हातून असं काही होणंच शक्य नाही. त्यांची भांडी मी जोडलीत, मला विचारा. वाकडी काय, कच्ची काय.

बाईसाहेबांना विचारलं. त्यांच्या मते नंतर कुणीतरी खड्डा खणला असणार आणि खालचा रांजण उकरून वर आला असणार. पटलं. त्या शेवटच्या लोकांबद्दल माझं मत तसंही बरं नाही. आधीच्यांनी सरळ रस्ते आखले, विटांची झाकलेली गटारं बांधली. यांनी गटारं बुजू दिली, रस्त्यात भिंती पुढे आणल्या, मोठ्या घरांच्या खोल्या पाडून खुराडी केली, त्याही जुन्याच विटा उपसून. एवढं आयतं मिळालेलं नगर त्यांना नीट सांभाळताही आलं नाही.

घरी हिला हल्ली एक नवा नाद लागलाय. सकाळी मला पेपर वाचून दाखवते. इतक्या वर्षांच्या संसारात हिनं पेपरचा उपयोग फळीवर अंथरायला केला. आता अग्रलेखसुद्धा सोडत नाही. वाचताना अडखळते, वैतागते, पण वाचते. मी म्हटलं, "अगं, उतारवयात शिकवणी लावलीस काय?" तर म्हणाली, "तुम्ही चहा घ्या."

बरंच झालं म्हणा. पेपरवाले शाईत काटकसर करायला लागलेत.

१६ फेब्रुवारी

जोडकाम सुरू. परातीत वाळू घ्यायची, त्यात खापरी उभी रोवायची, कडेला डिंक लावून दुसरी तिच्यावर तोलून ठेवायची आणि श्वास रोखायचा. दोन कडा जुळल्या की बारीक 'टक' असा आवाज होतो. त्या आवाजासाठी मी या धंद्यात राहिलो.

पोटाच्या भागात एक लांब तडा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना काही भोकं दिसली, आत काळं काहीतरी भरलेलं. मातीत चुनखडीचा खडा राहिला की भाजताना तो उडतो आणि असं भोक पडतं. जुनी खोड आहे ही मातीची. भिंग वाकून बघायला लागली, तर तिला म्हटलं, "चुनखडी. प्लास्टर कालव." तिनं कालवलं. मी भोकं भरून घासून टाकली. आता पोट कसं गुळगुळीत आहे.

२१ फेब्रुवारी

घराच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला हिनं पांढरा पट्टा रंगवलाय. विचारलं, हे काय, विमानतळ करतेस? म्हणाली, "पायऱ्या उठून दिसतात." हौस असते एकेकाला. मात्र मागच्या महिन्यात शेवटची पायरी चुकून मी आपटलो होतो, तसं पुन्हा झालं नाही, हे कबूल.

२७ फेब्रुवारी

रांजण उभा राहिला!

शेवटची खापरी बसवली, सुतळीचे फेरे काढले, हात बाजूला घेतले. पडला नाही. भिंगनं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या नाण्यांच्या खोलीतून सगळे बघायला आले. माझ्या छातीपर्यंत येतो. मी त्याच्या तोंडात डोकं घालून "ओ" म्हटलं, तर आतून भरदार "ओ" परत आला. चार हजार वर्षांत त्याला कुणी हाक मारली नसेल.

आता रंग. हरवलेल्या तुकड्यांच्या जागी प्लास्टर भरलंय, त्याला मूळ मातीसारखा रंग द्यायचा. आमच्या धंद्याचा नियम असा: दारातून बघणाऱ्याला भरलेली जागा दिसू नये, पण नाक लावून बघणाऱ्यापासून ती लपूही नये. म्हणून सपाट रंग द्यायचा नाही. मी ठिपके देतो, सुईच्या टोकाएवढे, शेजारी शेजारी. लांबून त्यांचा एक रंग होतो. भिंगला तिच्या कॉलेजात बारीक उभ्या रेघा शिकवल्यात. त्याला मी पावसाळी काम म्हणतो. तिचं म्हणणं, माझ्या ठिपक्यांनी भांड्याला गोवर आल्यासारखा दिसतो. ज्याचा हात त्याची पद्धत. पण एका भांड्यावर एकच हात चालतो, आणि या खोलीतल्या सगळ्या भांड्यांवर तो माझा आहे.

४ मार्च

रंगाच्या कंपनीनं फसवणूक चालवलीय. विटकरी म्हणून देतात ते मातकट निघतं. त्यात निळा आणि जांभळा घालघालून मला हवा तो रंग आणावा लागतो. पूर्वी नव्हतं असं.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. सकाळी मी येतो तेव्हा माझे ब्रश ओले असतात. रात्री मी धुऊन, पुसून, उभे करून जातो. भिंग माझ्या आधी येते. विचारलं, "माझ्या सामानाला हात लावतेस का?" तर कानापर्यंत लाल झाली. "काका, जरा सराव करते."

माझ्या ब्रशांवर सराव! मे महिन्यात मी गेल्यावर खुर्ची तुझीच आहे, बाई. तोवर दम धर की. बाईसाहेबांच्या कानावर घालावं असं मनात आहे. मुलगी वाईट नाही, पण तिला घाई झालीय.

९ मार्च

चहात मीठ. डबे सारखेच दिसतात, त्यात माझा काय दोष? ही हसली नाही. एरवी आठवडाभर हसली असती.

१२ मार्च

आज तळपायाची आग मस्तकात गेली. अजून उतरलेली नाही.

दुपारी भिंग रांजणाच्या आत आरसा आणि बॅटरी घालून बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "काका, ती भोकं चुनखडीची नाहीत."

"मग कसली आहेत?"

"आरपार आहेत. आणि जोडीजोडीनं आहेत. तड्याच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. पाडलेली आहेत ती."

ती काय म्हणतेय ते मला लगेच कळलं. पूर्वीचे लोक भांडं तडकलं की तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून दोरीनं आवळून घेत आणि वरून डांबरासारखं काही थापत. हे आमच्या धंद्यातल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. आणि मी ती भोकं प्लास्टरनं बुजवली, असं ही मला सांगत होती.

मी म्हटलं, "तू जन्मायच्या आधीपासून मी भांडी जोडतोय. मला चुनखडी दाखवू नकोस."

"काका, फक्त एकदा बघा."

"बघितलंय मी. डोळ्यांत तेल घालून बघितलंय."

यावर ती काहीतरी बोलणार होती. पण भिंग गळ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवून बाहेर गेली.

मी भिंगाला हात लावला नाही.

१३ मार्च

दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसलो. तीही तशीच. तोटी गळत होती, तिचाच काय तो आवाज.

१५ मार्च

सुट्टी असून गेलो. पहारेकऱ्यानं दार उघडून दिलं, दिवे लावत होता, त्याला म्हटलं राहू दे, त्यांचा तसाही उपयोग नाही.

आरसा घातला, भिंग लावलं. काही समजेना. सगळं पिवळट, धुरकट. शेवटी भिंग ठेवलं, स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात रांजणात घातला आणि बोटांनी तडा शोधला. आतल्या बाजूनं मी प्लास्टर भरलंच नव्हतं. आतून कोण बघतंय, असा विचार केला होता.

बोटाला भोक लागलं. गोल. कडेला घोटीव, आत निमुळतं. चुनखडीचं भोक खडबडीत असतं, कुरतडल्यासारखं. हे गिरमिटानं पाडलेलं होतं, आणि पाडणाऱ्यानं घाई केलेली नव्हती. त्याच्यासमोर, तड्यापलीकडे, दुसरं. दोघांच्या मधे उथळ चर, दोरी नीट बसावी म्हणून कोरलेला. मग खाली आणखी एक जोडी. आणखी एक. एकही भोक तिरकं नाही, एकाही ठिकाणी खापर चिरलेलं नाही. भाजलेल्या मातीत असं भोक पाडणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. जरा जोर जास्त झाला की सगळं हातात येतं.

माझ्या आधी या रांजणाला कुणीतरी जोडलं होतं. त्या शेवटच्या थरातल्या कुणीतरी. असा रांजण घडवणारा कुंभार तेव्हा नगरात उरलेला नसणार, नवा मिळणार नाही हे त्याला कळलं असणार, म्हणून तो खाली बसून हळूहळू भोकं पाडत राहिला. ज्यांना मी आळशी म्हणत होतो त्यांच्यातलाच हा एक. आणि त्याचं काम मी चुनखडी समजून बुजवलं.

स्टुलावरून उतरलो आणि तिथेच बसलो. बोटांना जे कळलं ते डोळ्यांना कळलं नव्हतं. दिवे चांगले होते. शाई चांगली होती. रंगाची कंपनीही बिचारी साधी होती.

मला दिसत नाहीये. हे वाक्य लिहायला हात अडतोय, पण लिहिलं. फार भीती वाटतेय.

१६ मार्च

हिला सांगितलं. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तर ही म्हणाली, "डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. तुम्ही कधी बोलताय याचीच वाट बघत होते."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही माझी निळी साडी हिरवी म्हणालात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. दोनदा. तुम्ही आठवडाभर जेवताना तोंड फिरवून बसला होतात. म्हटलं, आता पट्टे रंगवावेत."

डॉक्टर तरुण आहे, बोलका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. म्हणाला, "आजोबा, एवढे दिवस काम कसं केलंत?" आजोबा म्हटल्याचाही राग आला नाही, यावरून माझी अवस्था समजावी. एप्रिलमध्ये एक डोळा, मग दुसरा. बरा होईल म्हणतो. बाहेर आल्यावर हिनं माझा हात धरला आणि रस्ता ओलांडल्यावरही सोडला नाही.

१८ मार्च

भिंगला म्हटलं, "चल, भोकं उघडायची."

ती लगेच अॅसिटोन आणि कापूस घेऊन आली. आमच्या कामाचा दुसरा नियम: जे लावाल ते पुढच्याला काढता आलं पाहिजे. या नियमाची एवढी गरज मला कधी पडली नव्हती. प्लास्टरखाली लावलेला डिंक विरघळवून कडा तिनं सोडवल्या, मी बोटानं तपासत गेलो. प्लास्टर निघालं. आतला काळा लेप तसाच होता, एका भोकात तर दोरीचा पीळ उमटलेला. तिनं माझं बोट धरून त्यावर टेकवलं.

तेवढ्यात बाईसाहेब आल्या. दालन उघडायला आठवडा, आणि त्यांचा रांजण भोकाभोकांचा.

"हे काय? लोकांना अखंड रांजण बघायचाय!"

"अखंड नव्हताच तो मॅडम. त्यांच्याही वेळी नव्हता. तुमचा खड्डा वगैरे काही नाही. हा शेवटच्या थरातच वापरात होता. कुणीतरी जपला होता, पिढ्यान्‌पिढ्या. तडकला तर सांधला."

"आणि हे तुम्हाला आत्ता कळतंय?"

भिंग म्हणाली, "मॅडम, चूक माझी..."

मी म्हटलं, "तिची काही चूक नाही. मला दिसलं नाही. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. तिनं सांगितलं तर मी तिच्यावर ओरडलो."

बाईसाहेबांनी पर्स ठेवली, स्टूल ओढलं आणि भोकं बघत बसल्या. एका भोकावर करंगळी टेकवून पाहिली. मग दुसऱ्यावर. मान वर न करताच म्हणाल्या, "तिसऱ्या कपाटासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं हो. नुसती पडकी घरं आणि कच्ची मडकी. नदी सरकली, व्यापार आटला, माणसं निघून गेली, एवढं लिहून मोकळी होणार होते."

"सगळी नाही गेली," भिंग म्हणाली.

रांजण अस्ताच्या कपाटात जाणार. मधोमध. भोकं प्रकाशाकडे तोंड करून.

२६ मार्च

काल दालन उघडलं. गर्दीत मला सगळ्यांचे नुसते ढग दिसले. पण रांजणासमोरचे ढग हलत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं.

१७ एप्रिल

एका डोळ्याची पट्टी निघाली. भिंती पांढऱ्या आहेत! मला वाटलं होतं घराला रंग द्यायला झालाय. हिच्या केसांत एवढे पांढरे कधी झाले? मी टक लावून बघत राहिलो, तर म्हणाली, "आता दोष काढत बसा."

२१ एप्रिल

संग्रहालयात गेलो. आधी दालनात. रांजण बघितला, माझे ठिपके बघितले. नाक लावून. पण ठिपके नव्हतेच. जिथे जिथे मी रंग भरला होता तिथे बारीक उभ्या रेघा होत्या, विटकरी, मूळ मातीशी हुबेहूब. रेघांच्या फटीतून कुठे कुठे खालचा जांभळा डोकावत होता. माझा जांभळा.

मग जुन्या दालनात गेलो. दोन वर्षांत जोडलेलं एकेक भांडं शोधून काढलं. नळीचा तांब्या, बसकी वाडगी, मोराचं झाकण. सगळीकडे रेघा. माझ्या आधी येऊन, माझ्याच ब्रशांनी. आणि मी तिची तक्रार करायला निघालो होतो. झाकणासमोर उभं राहून मला रडू आलं. नव्या डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून पुसून घेतलं.

वर खोलीत आलो. ती वाळूच्या परातीवर वाकलेली होती.

"काका! दिसतंय का आता?"

"दिसतंय," म्हटलं. "तुझ्या रेघा जरा लांब पडतात. आखूड मार."

तिचे हात थांबले. वर बघितलं नाही तिनं. म्हणाली, "बरं काका."

मग मी माझं स्टूल तिच्या शेजारी घेतलं आणि आम्ही संध्याकाळपर्यंत एकाच वाडग्यावर काम केलं, ती रेघा, मी ठिपके.

२२ एप्रिल

सकाळी चहा झाला. पेपर समोर पडला होता. मथळे तर सोडाच, कोपऱ्यातली बारीक जाहिरातसुद्धा मला स्वच्छ वाचता येत होती. ही चष्मा पुसत आली, खुर्ची ओढली, आणि मग आठवण झाल्यासारखी थांबली.

"आता तुमचं तुम्ही वाचाल, नाही का?"

पेपर तिच्याकडे सरकवला. म्हटलं, "वाच."